अट्रॅक्टा मल्व्ही देश निवडते

आयर्लंडातल्या आमच्या किलारडन गावात बाराही महिने चालणारे धंदे दोनच, आणि दोन्ही माझे. रस्त्याच्या अंगाला पब, आणि मागच्या अंगणात शवपेट्यांची खोली. माणूस गेला की तो माझ्याकडे मागच्या दाराने येतो आणि त्याला पोचवून आलेली मंडळी पुढच्या दाराने. बाहेरच्या लोकांना हे ऐकून कसंसंच होतं. आमच्याकडे कोणाला त्याचं काही वाटत नाही. माझे वडील हेच करायचे आणि आजोबाही हेच. आम्हा टॅन्सींनी पाजलं आणि टॅन्सींनीच पुरलं, एवढं या भागातल्या कोणाहीबद्दल छातीठोकपणे सांगता येतं.

अट्रॅक्टा मल्व्हीबद्दल मी अधिकाराने बोलतो तो याच कारणाने. इतक्या वर्षांत या गावात एकही माती अशी झाली नाही जिथे मी होतो आणि ती नव्हती. मी पोटासाठी जायचो, ती आपणहून. बुटकी, आडव्या बांध्याची बाई. शेतकी सोसायटीच्या दुकानात गल्ल्यापाशी उभी राहून तिने जन्मभर खत, गमबूट आणि कोकरांना पाजायची दूध-पावडर विकली. सकाळी रेडिओवर गेलेल्यांची नावं सांगतात, तेवढा वेळ तिच्या स्वयंपाकघरात किटलीनेसुद्धा आवाज करायचा नाही. नावं संपली की मला फोन. हा कोणाचा कोण, बायको कुठली, मुलं कुठेकुठे आहेत, ती येऊन पोचणार कधी. मग अंड्याच्या सँडविचांचं भलंमोठं ताट घेऊन बाई हजर. ओळखीचा असला तर जायचंच, आणि नसला तर ओळख करून घ्यायला जायचं, असा तिचा खाक्या. कोणी थट्टा केलीच तर म्हणायची, "गेलेल्याला कळत नाही रे, पण त्याच्या बायकोला कळतं ना, खोली भरलीय की रिकामी आहे ते."

माझ्या कामातही ती नाक खुपसायची. पेटीत निजवलेल्या माणसाकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "मर्ट, याला टाय कोणी बांधला? लग्नातसुद्धा बांधला नव्हता त्याने." मी चिडायचो, आणि लोक यायच्या आत गुपचूप टाय सोडायचो.

तिचा नवरा पॅकी गेला तेव्हा भेटायला आलेल्यांची रांग चर्चपासून माझ्या पबपर्यंत आणि तिथून वळून पेट्रोलपंपापर्यंत लागली होती. तिन्ही मुलं आली होती. हात हातात घेऊन घेऊन त्यांचे हात सुजले. मग ती आपापल्या विमानांनी परत गेली. थोरली ओर्ला इंग्लंडला, मधला कोलम ऑस्ट्रेलियात पर्थला आणि दर्व्हला नावाची धाकटी न्यूझीलंडला. आमच्याकडची मुलं अशीच. जगात जिथे जिथे इंग्रजी चालतं तिथे तिथे ती जातात, आणि आम्ही त्यांना विमानतळावर सोडून येतो.

मागच्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून अट्रॅक्टाचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, हातात काठी आली, पण तिकडे मुलांचा धीर सुटला. आईने यापुढे एकटं राहायचं नाही यावर तिघांचं एकमत झालं आणि तिथेच ते एकमत संपलं.

तिच्या घरी इंटरनेट धड चालत नसे. त्यामुळे ही सगळी पंचायत माझ्या पबच्या कोपऱ्यातल्या टेबलावर भरायची, आणि ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं. कोलम म्हणे, इथे ऊन आहे, पोहायचा तलाव आहे, तुझ्यासाठी वेगळी खोली काढलीय. ओर्ला म्हणे, इंग्लंड हाकेच्या अंतरावर आहे, डॉक्टरला पैसे पडत नाहीत, आणि तुझं ते आवडतं लोणीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. मग कोलम म्हणायचा की इंग्लंडात ऊन टीव्हीवर बघायचं असतं, आणि ओर्ला म्हणायची की ऑस्ट्रेलियात बूट घालायच्या आधी आत कोळी नाही ना ते काठीने ठोकून बघायचं असतं. दर्व्हला यात पडत नसे. ती एवढंच म्हणायची, "ये मॅमी. खाट लहान आहे, पण ये."

शेवटी अट्रॅक्टानेच तोड काढली. ती तिन्हीकडे जाऊन राहून येईल, मग काय ते सांगेल, आणि ती सांगेल ते तिघांनी ऐकायचं. एक तरुण जोडपं तिचं घर घ्यायला टपूनच बसलं होतं. म्हणजे जाणं ठरलेलं होतं, कुठे एवढाच प्रश्न होता. मला ती जायला नको होती. कोणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

पबमध्ये त्या दिवसांत फुटबॉलचं नाव निघेना. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र ओलांडला नाही ते सगळे जगातले देश एकेक करून निकालात काढायला लागले. अमेरिका पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण तिथे डॉक्टरचं बिल बघूनच माणूस मरतो असं सर्वांचं म्हणणं पडलं. कोणीतरी कॅनडा सुचवला. तिथे तर हिचं कोणीच नाही, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, म्हणूनच तर शांतता मिळेल. सगळ्यांत मोठा आवाज गस ब्रेहनीचा. गस आमचा विद्वान. परगण्याची हद्द त्याने एकदाच ओलांडली होती आणि तीही कोर्टाचं समन्स निघालं म्हणून.

"इंग्लंड?" गस म्हणाला. "त्या लोकांना इथून हुसकायला आपल्याला आठशे वर्षं लागली, अट्रॅक्टा. आणि तू आपल्या पायाने त्यांच्या दारात जाऊन उभी राहणार?"

"माझा पाय मोडलाय गस," अट्रॅक्टा म्हणाली, "विमानाने जाईन."

पहिला मुक्काम ओर्लाकडे. ओर्ला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. लग्न झालं होतं, ते मोडलं, मूलबाळ नाही. लंडनच्या अलीकडे एका नीटनेटक्या गल्लीत तिचं घर. प्रत्येक घरापुढे कात्रीने कापल्यासारखं कुंपण आणि प्रत्येक दार बंद. अट्रॅक्टा दर रविवारी चर्चमधला मिसा झाला की मला फोन करायची, तेव्हा हे सगळं कळायचं. लोक चांगले आहेत म्हणाली, भेटले की हवेबद्दल बोलतात, आणि हवा संपली की घरात जातात.

समोरच्या घरात लेनर्ड टिडमार्श नावाचे एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांच्याशी कुंपणावरून दोनतीनदा तिचं गुलाबांबद्दल बोलणं झालं होतं. एक दिवस टिडमार्श हृदयाच्या झटक्याने गेले. अट्रॅक्टाने त्याच दुपारी अंडी उकडायला घातली. ओर्ला ऑफिसातून आली आणि म्हणाली, मॅमी, ही कशाला? माती तीन आठवड्यांनी आहे.

"तीन आठवडे, मर्ट," ती मला फोनवर म्हणाली. "तेवढ्यात आपण माणूस पुरतो, रडून घेतो आणि जमिनीवरून भांडायलाही लागतो."

त्याहून वाईट म्हणजे ओर्लाने तिला बजावलं, की बोलावलं असेल तरच जायचं असतं. मातीचं आमंत्रण ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरेना. तीन आठवड्यांनी ओर्ला कामावर गेल्याची खात्री करून घेऊन तिने नवी अंडी उकडली, काळा कोट चढवला आणि ताट घेऊन टॅक्सीने स्मशानाच्या चॅपलला गेली. आत दोन बाकंही भरली नव्हती. ती नेहमीप्रमाणे पुढे गेली, पेटीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि घरच्या एकेकाचा हात हातात घेतला. टिडमार्शबाईंना म्हणाली, "फार गोड माणूस हो. आमच्या त्या गप्पा आता कोणाशी मारायच्या?"

टिडमार्शबाईंनी विचारलं, तुमची किती दिवसांची ओळख?

"दिवस थोडेच," अट्रॅक्टा म्हणाली, "पण जन्माची ओळख असल्यासारखं वाटायचं."

बाईंनी तिच्या बोलण्याचा हेल ऐकला होता. आयर्लंडमध्ये नेमकं कुठलं गाव, असं त्यांनी विचारलं. हिने रॉसकॉमन म्हणून सांगितलं, आणि बाकावरचं सगळं कुटुंब एकमेकांकडे बघायला लागलं. कारण असं, की लेनर्ड टिडमार्श दर वर्षी मे महिन्यात एकटेच रॉसकॉमनला मासे धरायला यायचे, आणि बिचारे एकदाही मासा घेऊन परतले नव्हते.

संध्याकाळी ओर्लाच्या दारावरची बेल वाजली. दारात टिडमार्शबाई, टोपी-हातमोजे घालून. म्हणाल्या, तुमच्या आई आहेत का घरात? मला त्यांना एकच विचारायचंय. ओर्लाला काही कळेना. अट्रॅक्टाला कळायलाही जरा वेळच लागला. कळलं तेव्हा ती आधी खुर्चीत कोसळून हसली आणि मग तिला राग आला. "बाई," ती म्हणाली, "पॅकी मल्व्हीबरोबर संसार करून माझ्यात दुसऱ्या माणसाला द्यायला काय उरलं असेल, असं वाटतं तुम्हाला?" मग टिडमार्शबाई हसल्या, हसता हसता रडल्या, आणि दोघींनी मिळून उरलेली सँडविचं संपवली. ओर्ला तोवर न्हाणीघरात जाऊन बसली होती. बाई बराच वेळ बसल्या होत्या, एवढं अट्रॅक्टाने मला सांगितलं. पुढे काय बोलणं झालं ते काही सांगितलं नाही.

ओर्लाने मात्र तिला चांगलंच फैलावर घेतलं. मॅमी, तू चार दिवसांनी जाशील, मला या गल्लीत राहायचंय, असं म्हणाली. अट्रॅक्टाने ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा तिचा स्वभाव नव्हे, म्हणून मला जरा नवल वाटलं. गसने पबमध्ये जाहीर केलं की इंग्लंडचा निकाल लागला.

मग पर्थ. कोलमने बहिणीकडून सगळं ऐकलं होतं, त्यामुळे तो सावध. घरात येणारं वर्तमानपत्र त्याने बंद केलं होतं म्हणे. तलाव होता, ऊन होतं, सूनबाई चांगली होती, सूनबाईची आई तर रोज येऊन जायची. पण तिथे कोणी मरतच नाही अशी अट्रॅक्टाची तक्रार. शेवटी चर्चमध्ये कोणीतरी सांगितलं आणि तिला एका निवृत्त ट्रकवाल्याच्या अखेरच्या निरोपाचा पत्ता लागला. ती त्या रणरणत्या उन्हात काळा कोट घालून पोचली. बघते तो हिरवळीवर फुलाफुलांचे सदरे घातलेली माणसं बियर पीत उभी. तिला ते चर्चमधली नन समजले आणि त्यांनी सावलीतली खुर्ची दिली. माणसं मनमोकळी होती, बियर थंड होती, मेलेल्या माणसाचे किस्से तर एकाहून एक होते. फक्त तिने इकडेतिकडे पाहिलं तर पेटी कुठेच दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या ट्रकवाल्याला आठवड्यापूर्वीच परस्पर पुरून टाकलं होतं.

"सगळे होते, मर्ट," ती म्हणाली. "फक्त त्यालाच बोलावलं नव्हतं."

न्यूझीलंडला गेल्यावर दोन रविवार फोन आला नाही. मी काळजीत पडलो. पबमध्ये दर दहा मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, आणि विचारलं की मी ग्लास जरा जोरात ठेवायचो. मग एका सकाळी मी फरशी पुसत होतो तेव्हा फोन वाजला. तिचा आवाज ऐकला आणि मी फडका खाली ठेवला. इतक्या वर्षांत तो आवाज असा ऐकला नव्हता.

दर्व्हलाचा नवरा रावीरी माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी, आहे. ही तिथे पोचली आणि त्याच आठवड्यात त्याची मावशी वारली. ऐकल्याबरोबर सगळ्यांनी हातातली कामं टाकली, गाड्यांवर गाद्या बांधल्या आणि कुळाच्या सभाघराकडे निघाले. तिथे मावशी उघड्या पेटीत, भोवती बायका बसलेल्या, रात्रंदिवस. तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. गावोगावची माणसं जथ्याजथ्याने येत होती. येणारा प्रत्येक जण मावशीशी बोलायचा. एक म्हातारा तर तिला भरल्या सभेत रागे भरला, माझी होडी नेलीस ती परत न करताच चाललीस ना, म्हणून. मग गाणी झाली, रडणं झालं, हसणं झालं आणि पुन्हा रडणं. अट्रॅक्टा थोडा वेळ बसली आणि मग तिचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. तिथे हुइया नावाची दणकट बाई सगळ्यांवर हुकूम सोडत होती. तिने हिला नखशिखान्त न्याहाळलं, नावगाव काही विचारलं नाही, पुढ्यात रताळ्यांचं पोतं ओतलं आणि सुरी दिली. तीन दिवस ही रताळी सोलत होती.

"मर्ट," ती म्हणाली, "इथे माणसं नीट मरतात."

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती फरशी मी पुन्हा पहिल्यापासून पुसली. मला कळून चुकलं होतं, अट्रॅक्टा गेली. आणि गेली तीही थोडीथोडकी नव्हे, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला.

ती परत आली त्या दिवशी पब असा भरला होता की माती असतानाही भरत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर तिघं मुलं पडद्यावर आली. तिकडे कोणाची सकाळ, कोणाची रात्र. न्यूझीलंडच ठरणार हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. गसने तर तिथल्या मेंढ्यांची माहितीसुद्धा काढून ठेवली होती.

अट्रॅक्टाने चष्मा पुसला. "मी ओर्लाकडे जाते," ती म्हणाली.

 पहिली बोलली ती ओर्लाच. "माझ्याकडे?" ती म्हणाली. "मॅमी, तुला तर इथे एक दिवस करमलं नव्हतं."

"करमवेन," अट्रॅक्टा म्हणाली.

कोलम भांडला. मग जरा रुसला. दर्व्हला आईकडे बघत राहिली आणि नुसतं बरं म्हणाली. तिला काहीतरी समजलं असावं. मला तर काहीच समजलं नव्हतं. गसने ग्लास खाली ठेवला आणि आठशे वर्षं फुकट गेली असं म्हणून तो घरी निघून गेला.

जायच्या दिवशी माझी साधी गाडी दुरुस्तीला होती. म्हणून तिच्या बॅगा मी शववाहिकेतच घातल्या, मागे पेटीच्या जागी, आणि ती पुढे माझ्याशेजारी बसली. डब्लिनच्या मोठ्या रस्त्यावर लोक आम्हाला बघून गाडी हळू करायचे आणि छातीवर क्रूस काढायचे. अट्रॅक्टा काचेतून त्यांना हात हलवून दाखवायची. एका ट्रकवाल्याने टोपी काढली होती, तो हिचा हात हलताना बघून कडेला जाता जाता वाचला. आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो.

हसू ओसरल्यावर मी विचारलं. म्हटलं, "न्यूझीलंडला काय वाईट होतं? तूच म्हणालीस ना, माणसं नीट मरतात म्हणून."

 मग तिने मला टिडमार्शबाईंच्या त्या संध्याकाळचा उरलेला भाग सांगितला.

टिडमार्शबाई म्हणाल्या होत्या, की गेल्या हिवाळ्यात त्यांनी ओर्लाला टॅक्सीतून उतरताना पाहिलं होतं. हातात इस्पितळाची पिशवी, दुसरा हात भिंतीवर, पाऊल पाऊल टेकत दारापर्यंत गेली. पुढे कित्येक दिवस पडदा सरकला नाही. त्यांच्या शेगडीवर सूप होतं. लेनर्ड म्हणाला, नेऊन दे. पण आपली ओळख नाही, तिला आवडेल न आवडेल, असा विचार करत त्या खिडकीशीच उभ्या राहिल्या, आणि मग तो विषय मागे पडला.

"शस्त्रक्रिया झाली होती तिची," अट्रॅक्टा म्हणाली. "पोटाची. एकटी गेली आणि एकटी आली. मला फोनवर सर्दी झालीय म्हणाली. का, तर माझा खुबा मोडला होता म्हणून. आणि मी इथे पलंगावर बसून नखरे करत होते, मर्ट. कोणाच्या रश्श्यात मीठ जास्त झालंय म्हणून. इतके डबे येत होते की मी कुत्र्याला घालत होते."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. 

"दर्व्हलाकडे मी गेले तर मला बरं वाटेल," ती म्हणाली. "पण तिला काय कमी आहे? तिच्या दारात शंभर माणसं आहेत. कोलमला बायको आहे, सासू आहे, त्याची ती बियरवाली मंडळी आहेत. ओर्लाला कोण आहे?"

"तिला सांगितलंस हे?"

"तिला कशाला सांगू? तिला वाटू दे लोण्यासाठी आले म्हणून."

मग मी आडपडदा न ठेवता विचारलं. म्हटलं, तिकडे तुझं काही बरंवाईट झालं तर त्या चॅपलमध्ये दोन बाकंसुद्धा भरणार नाहीत. ज्या बाईने सगळ्या गावाला पोचवलं तिला असं जाताना बघायचं का आम्ही?

"एवढ्यात नाही जात मी," ती म्हणाली. "मला तिथे वेळ लागेल. ती गल्ली अजून तयार व्हायचीय."

विमानतळाचे दिवे दिसायला लागले होते. मी म्हटलं, "अट्रॅक्टा, जाऊ नकोस."

तिने माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. पुष्कळ मातींना मी तो हात दुसऱ्यांच्या हातावर पाहिला होता. माझ्या हातावर कधी आला नव्हता, कारण अशा वेळी मी नेहमी कामात असायचो. "तुझ्याकडे दोन्ही दारांनी माणसं येतात, मर्ट," ती म्हणाली.

 मी तिच्या बॅगा उतरवल्या. परत येताना समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता. माझ्या धंद्यातल्या माणसाने गाडीत बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून पेट्रोलपंपावर थांबून तोंड धुतलं.

तिच्या घरात आता ते तरुण जोडपं राहतं. मातीला सँडविचं आता गसची बायको आणते. ती कोरडी असतात, पण आम्ही खातो. रविवारी अट्रॅक्टाचा फोन येतो, मिसा झाला की. टिडमार्शबाई आता तिच्याबरोबर ओळखपाळख नसलेल्यांच्या मातींना जातात म्हणे. सुरुवातीला लोक दचकतात, पण ताट बघितलं की जागा करून देतात. गल्लीतल्या एकेका दाराबद्दल ती मला सांगते. आत कोण राहतं, कोणाचा मुलगा येत नाही, कोणाच्या गुडघ्यात काय आहे. मला आता ती गल्ली आमच्या गल्लीइतकीच पाठ झालीय.

परवा मात्र फोन आला तो ओर्लाचा. ओर्लाने मला आजवर कधी फोन केला नव्हता. मी चांगलाच दचकलो. माझ्याकडे फोन येतात ते बहुतेक एकाच कारणासाठी. पण तिला नुसती तक्रार करायची होती. तिला ताप आला होता, अंथरुणात पडून होती, आणि जिवाला आराम म्हणून नव्हता. सकाळपासून दार वाजतंय म्हणाली. एकीने सूप आणलं, एकाने संत्री आणली. कोपऱ्यावरच्या घरातला म्हातारा तर नुसता बघायला आला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसून राहिला. यांच्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत, मर्ट, ती म्हणाली. कोणी सांगितलं त्यांना? आईला जरा समजाव, तुझं ती ऐकते, या लोकांना सांग म्हणावं, मला एकटीला राहायची सवय आहे.

मी म्हटलं, बरं, सांगतो. ती आणखी बोलत राहिली. कुठलं सूप तिखट होतं, कोणाची संत्री आंबट निघाली. तापाने घसा बसला होता, तरी थांबायचं नाव नाही. मी एका हाताने काउंटर पुसत ऐकत होतो. मग मागे बेल वाजलेली मलासुद्धा ऐकू आली.

"थांब, पुन्हा कोणीतरी आलंय," ओर्ला म्हणाली आणि फोन तसाच ठेवून दार उघडायला गेली.